कमरेचं माप

"सरळ उभी राहा. पोट आत घेऊ नकोस," आई म्हणाली आणि तिने टेप लेकीच्या कमरेभोवती फिरवली.

आई शिवणकाम करायची. नवा ड्रेस शिवायचाय, असं तिने सांगितलं होतं खरं. पण मशीनवर कापड नव्हतं, कात्री खुंटीलाच लटकत होती, आणि आजवर लेकीचे कपडे तिने नुसत्या नजरेने बेतले होते. पेट्रोल पंपावर दिवसभर उभी राहून आलेल्या लेकीच्या हे काही ध्यानात आलं नाही. ती जांभया देत उभी राहिली.

आईने आकडा बघितला, डोळे बारीक करून पुन्हा बघितला. नजरेच्या अंदाजापेक्षा माप वाढलेलं नव्हतं. पण सुरुवातीला ते वाढतही नाही, हे तिला ठाऊक होतं.

संशयाला कारण होतं. कपाटातला पॅडचा पुडा दोघींचा सामाईक. आईची पाळी आता कधी येते, कधी नाही. म्हणजे पुडा संपवणारी लेकच. या महिन्यात तिने तो फोडलासुद्धा नव्हता. त्यात बाथरूमचं दार लावून घेतलं की बाहेर यायचं नाव नाही. सकाळी लवकर उठून छोट्या पातेल्यात काहीतरी उकळायची, विचारलं तर म्हणायची चहा, आणि त्या चहाचा घोट काही कोणाला मिळायचा नाही. नको असलेलं पाडायला बायका काय काय उकळून पितात, ते आईने गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं. तिने पातेल्याचा वास घेऊन बघितला. वास कसलाच नव्हता, त्यामुळे तर ती जास्तच घाबरली.

"मला सगळं कळलंय," ती टेप गुंडाळत म्हणाली. कळलं काहीच नव्हतं.

लेकीची जांभई अर्ध्यावर राहिली. "तू माझी बॅग उघडलीस?"

"कधीपासून चाललंय हे?"

"याच महिन्यापासून. तू चिडशील म्हणून बोलले नाही."

आईने दाराकडे बघितलं. दार लावलेलं होतं, तरी तिचा आवाज खाली गेला. "आणि कुठे असतो तो?"

"बॅगेत," लेक म्हणाली.

आई खुर्चीत बसली. लेकीने बॅगेतून कापडाची छोटी थैली काढली आणि थैलीतून एक मऊ, वाटीसारखा कप. तो तिने मशीनवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पंपावरच्या संडासाची कडी तुटलेली, आत पॅड टाकायला डबा नाही, बाहेर गाड्यांची रांग. तिथे कामाला असलेल्या ताईंनी पाळीत पॅडऐवजी हा वापरायला सुचवला. त्या स्वतः कितीतरी वर्षं वापरतात. पहिल्यांदा घडी करून धरला, तर बोटांतून निसटून थेट बादलीमागे उडाला. मग आत गेला तर उघडेना. उघडला तर निघेना. ती उकिडवी बसून रडलीसुद्धा. ताईंनी फोनवर समजावलं, नुसता ओढू नकोस, खालचा भाग चिमटीत दाब, सुटेल. तेव्हा कुठे सुटला. पातेल्यात उकळत होता तो हाच.

आईच्या जिवात जीव आला. मेलीने महिनाभर झोप उडवली होती. पातेलं आता स्वयंपाकात परत आणायचं नाही, एवढं तिने बजावलं आणि ती हसलीही. पण आईचा स्वभावच असा, की एक शंका उठून गेली की तिच्या जागेवर दुसरी येऊन बसायची.

"एवढा हा? आत?"

"हो."

"लग्न व्हायचंय अजून तुझं. तुला बरं कळलं, कुठून जातो ते."

"आई, अंग माझं आहे. मला नाही कळणार तर कोणाला कळणार?"

 आईने कप उचलला, दोन बोटांत दाबला, सोडला. तो टपकन उघडला. बराच वेळ ती तेच करत राहिली. मग मान खाली घालूनच तिने विचारलं, फार दुखलं का.

"नाही गं. जरा अवघडल्यासारखं झालं. दुखलं नाही."

आईने मान वर केली. बंद दार, उकळतं पाणी, पंपावरच्या ताई, सगळं तिला पटलं होतं. हे मात्र पटेना.

"खरं सांग," ती म्हणाली. "आत गेलं आणि दुखलं नाही, असं कधी असतं का?"