कुमुदची जागा

चंद्रावर राहणाऱ्या लेकीकडे जायची दोन तिकिटं प्रभाकर सोमणांनी काढली होती. मग पत्नी कुमुद वारली. तिची जागा परक्याला जाऊ नये, म्हणून त्यांनी कंपनीला तीनदा फोन केला. एक यंत्र म्हणालं तिकीट बाद, दुसरं म्हणालं नाव बदला, तिसरं म्हणालं प्रवाशाला हजर करा.

चौथ्यांदा फोन केल्यावर चौथं यंत्र म्हणालं, "काका, जागा रिकामी ठेवता येईल. पण यानाचा तोल राहायला तिथं काकूंइतकं वजन हवं. बासष्ट किलो."

"कशाचंही?"

"सांडणार नाही अशा कशाचंही."

प्रभाकरराव हसले. आजवर दर विमानतळावर वजन जास्त म्हणून कुमुदच्या लोणच्याच्या बरण्या बाहेर काढाव्या लागल्या होत्या.

"हे लेखी पाठव," ते म्हणाले. "पाचव्याला विचारायचं नाही मला."

मग त्यांनी लेकीला कळवलं, "या वेळी आईच्या सगळ्या बरण्या येतायत."