सदतीस पोस्ट

चर्चामंचांवरून पुसलेल्या पोस्ट परत मिळवून देणं हे तिचं रोजचं काम. आज समोर बसलेल्या निवृत्त मास्तरांच्या सदतीस पोस्ट सापडल्या. सगळ्या त्यांच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या नर्सची बदनामी करणाऱ्या. शेवटची होती, ‘गेली एकदाची घर सोडून!’

“काका, हे सगळं तुम्ही लिहिलंत?”

“चुकलंच गं माझं, पोरी.” मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

म्हाताऱ्याला निदान उपरती तरी झाली, असं वाटून तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मास्तरांनी चष्मा चढवला आणि एकेक पोस्ट अगदी मिटक्या मारत वाचली.

“छे, पुसायलाच नको होत्या! पुन्हा टाकून दे बघू सगळ्या. कालच परत राहायला आलीय ती.”