बारा सेकंद

"हात टेकवलेत. पुन्हा उठा," सुलाबाई म्हणाल्या.

यादवराव खुर्चीत परत बसले. हात छातीशी बांधून नुसत्या पायांच्या जोरावर उठले, गॅलरीच्या टोकाला खडूने ओढलेल्या रेघेपर्यंत चालले, वळले आणि येऊन बसले.

"चौदा," सुलाबाईंनी घड्याळात बघून सांगितलं. "बाराच्या आत पाहिजेत. सकाळचे शब्द?"

"कंदील, माठ, शाळा."

"बरोबर."

आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. यादवरावांचं वय अठ्ठ्याहत्तर. नाशिकच्या डॉक्टर मॅडम मात्र म्हणाल्या होत्या, "नुसतं वय बघून मी केमोला नाही म्हणत नाही. पण औषध कडक आहे. अंगात ताकद असेल तर दोनेक वर्षं चांगली जातील. नसेल तर औषधानेच जीव जाईल. पुढच्या वेळी तपासून ठरवू." तपासणार काय, ते नर्सने बाहेर समजावलं. खुर्चीतून उठून चालायचं, ऐकलेले तीन शब्द थोड्या वेळाने सांगायचे, कागदावर घड्याळ काढायचं.

सिन्नरला परतताना बसमध्येच यादवराव म्हणाले, "मला जगायचंय. तू माझी तयारी करून घे."

सुलाबाईंनी ती मनापासून करून घेतली. सकाळी दोन अंडी, दुपारी मऊ भात, संध्याकाळी नाचणीची पेज. तसे यादवराव अजून कुणाच्या आधाराने चालत नव्हते. पेपर आणायला चौकात एकटे जात, टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर चढत.

नोकरीत ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते आणि घरातही सगळं मिनिटावर लागायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी गिरणीतून दळण आणायला उशीर झाला म्हणून त्यांनी बायकोला अख्खी दुपार उन्हात ओट्यावर उभं केलं होतं. तो किस्सा ते अजूनही पाहुण्यांना रंगवून सांगत. तेवढ्यात सुलाबाई कप गोळा करून आत जात.

तपासणीच्या दिवशी यादवराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. उठले, चालले, वळले, बसले. अकरा सेकंद. तिन्ही शब्द न अडखळता सांगितले. कागदावरचं घड्याळ तर छापल्यासारखं आलं.

"छान, काका," मॅडम म्हणाल्या. "आता वजन करून या."

नर्स त्यांना घेऊन बाहेर गेली. दार लागलं तसा मॅडमनी कागद पुढे ओढला.

"काकू, घरी पण असेच असतात ना? इथे दहा मिनिटं सगळेच जोर लावतात. घरचं मला तुम्हीच सांगू शकता."

सुलाबाईंनी पदर सारखा केला.

"खोटं कसं बोलू, मॅडम? वीस दिवस त्यांच्याकडनं एवढंच घोटवून घेतलं. बाकी काही राहिलं नाय. संडासला मी धरून नेते. या महिन्यात तीनदा पडले. कधीकधी मलाच विचारतात, तू कोण म्हणून."

मॅडमचा पेन थांबला.

"मग केमो म्हणजे हालच होतील त्यांचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दुखणं कमी राहील एवढ्या गोळ्या देते. त्यांना मी समजावून सांगते."

"नको, मी सांगते. माझ्याकडनं ऐकलं तर सोसेल त्यांना."

मॅडमनी मान हलवली. सुलाबाई उठल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला.

यादवराव बाहेरच्या बाकावर ताठ बसले होते. "काय म्हणाल्या?"

सुलाबाईंनी गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

"पास झालात," त्या म्हणाल्या. "तब्येत इतकी चांगली हाय की केमोच्या सलाईनचीसुद्धा गरज नाय. या गोळ्यांनीच बरे व्हाल."