टेकडीवरचे चिंचोके

सिद्धोधन, घरात चिंचोके हायत का? असतील तितके दे! हसू नको, ऐक आधी.

आज झरीला बालाजीच्या ओसरीवर आमी नकाशावरची लढाई खेळायलो. चिंचोके म्हंजी गोळ्या, काडेपेटी म्हंजी रसदीचा ट्रक. टेकडीवरच्या चौकीला मी गंमतीनं फौजेत असलेल्या आमच्या दादाचं नाव दिलं.

ट्रकनं चौकीत चिंचोके टाकले. कुनीच गोळी झाडली न्हाई, तरी चौकी रिकामी!

"तूच उचलायलास, लबाडा," बालाजी म्हनला.

परत भरली. बघता बघता परत रिकामी. पिशवीत चिमूटभर चिंचोके उरले, तेवढ्यात दादाचा फोन आला. खेळाचं त्याला कायबी ठाऊक न्हाई. त्याच्या मागं गोळ्यांची लय धडधड चालू.

"दादा, बरा हाईस ना?"

तो दबक्या आवाजात म्हनला, "ट्रक थांबवू नको."