दाराआडचं जर्मन

लाइपझिगच्या त्या घरात मुलगा आणि जर्मन सून अंके एरवी इंग्रजीत बोलत. पण हल्ली कुमुदिनीताई दारात आल्या, की दोघंही जर्मनकडे वळत. मधूनच ‘सातारा’ ऐकू येई. आपल्याला परत धाडायचा बेत शिजतोय, अशी शंका त्यांना छळू लागली.

“फिरून येते,” असं सांगून त्या वाचनालयातल्या जर्मनच्या वर्गाला जाऊ लागल्या. बासष्टाव्या वर्षी शब्द तोंडात बसेनात, पण कान तयार होत गेले.

तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातली कुजबुज त्यांना पहिल्यांदा कळली. मुलगा म्हणत होता, “आईला सातारला पाठवू. तिला काही सांगायचं नाही.”

म्हणजे संशय खराच होता! त्या तावातावाने आत शिरणार, तोच मुलगा पुढे म्हणाला, “सोमवारी माझं ऑपरेशन आहे. गाठ वाईट निघाली, तर तिला सोसणार नाही.”

कुमुदिनीताई आत गेल्या. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या, “मी कुठेही जाणार नाही.”

वाक्य चुकलं होतं, पण दोघांनाही ते बरोबर कळलं.