कोठ्यातला कूलर

पोतं पुन्हा कोरडं झालं होतं. कुंताबाईने ते बादलीत बुडवलं आणि जर्सी गायीच्या पाठीवर पसरलं. जर्सीची जीभ बाहेर आली होती, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. कोठ्याच्या दारात कूलर घरघरत होता.

बाहेर अंगणात, कुडाच्या हातभर सावलीत, लाली बसली होती. लाली गावठी, जर्सीच्या निम्मी. सकाळी गावची गुरं राखणाऱ्या गायक्यामागे रानात जाऊन मिळेल तो पाला ओरबाडून आली होती, वाटेत तळ्यावर पाणी प्यायली होती. आता डोळे मिटून रवंथ करत होती. पाठ उन्हात होती, त्याचं तिला काही नव्हतं.

"हा कूलर इथी काऊन?" विनोदने विचारलं. तो गडचांदूरहून मोटरसायकलने नुकताच आला होता, तोंडाचा दुपट्टाही सोडला नव्हता. कूलर त्यानेच मागच्या उन्हाळ्यात आईसाठी आणून दिला होता.

"मले गार हवा मानवत नाई. सांधे धरतेत."

"म्हणून गायीले लावला?"

"तिले मानवते."

झाडू मडावी हसला. तो जंगलाकडच्या गावचा, गाय न्यायला आला होता. "उद्या टीव्ही बी लावसान, बाई."

"टीव्हीचं तिले काही नाई," कुंताबाई म्हणाली. "कूलर बंद पडला का मातर हाक मारते."

विनोदने भाताच्या तणसीच्या ढिगाकडे पाहिलं. ढीग कमरेइतकाही उरला नव्हता. पाऊस पडून बांधावर गवत येईपर्यंत दोन गायींचं त्यात निघणार नव्हतं. हे कुंताबाईनेच त्याला फोनवर सांगितलं होतं, आणि एक गाय झाडूला द्यायची हे दोघांचं ठरलं होतं. कोणती, हे बोलायची गरज विनोदला वाटली नव्हती. येताना त्याने दावंही जाड घेतलं होतं, जर्सीच्या मापाचं.

"सोड तिले, झाडूभाऊ," तो म्हणाला. "पोटात भट्टी आहे इच्या. टाकलं का जळते, टाकलं का जळते. सरकीची ढेप पायजे, हिरवं पायजे, घडोघडी पाणी पायजे. डाक्टर म्हणे, ह्या जातीच्या अंगातच गरमी. थंड्या मुलखातलं जनावर ते. आता तं दूध बी आटवलं."

"माह्या इथी नाला आहे, झाडं आहेत. जगीन," झाडू म्हणाला. मग अंगणाकडे पाहून म्हणाला, "पण लाली देली तरी मी नाई म्हणत नाई. इचे गोऱ्हे नांगराले चांगले."

"लाली मायपाशी राहू दे. तिचं काही करा नाई लागत. सुकं तणीस चघळते अन् गप बसते." विनोद हसला. "मायसारखीच. घासभर भातावर दोघींचा दिवस निघते."

कुंताबाई जर्सीच्या पाठीवरचं पोतं सारखं करत होती. तिने मागे पाहिलं नाही.

"लाली ने, झाडूभाऊ."

विनोदने दुपट्टा सोडला. "माय, काय करून राह्यली तू? परवा बादली घेऊन पडली. शेजारच्या अंजनाबाईचा फोन आला होता मले."

"अंजनाबाईले दुसरा धंदा नाई."

"जर्सी गेली का तू मोकळी."

"मोकळी होऊन काय करू?"

विनोदने अंगणातल्या लालीकडे हात केला. "लाली घरच्या गायीची आहे. तिची आजी बी ह्याच खुट्याले होती."

"हो. मी डोळ्याच्या आपरेशनले गेली, तवा लाली गायक्यासंगं गेली, आली, आपल्या जागी बसली. मी घरी नाई हे तिले मालूम बी नाई पडलं." कुंताबाईने जर्सीच्या गळ्याखाली हात घातला. "अन् हे येडी. अंजनाबाईनं पाणी ठेवलं तं तोंड नाई लावलं. वाटेकडं पाहत उभी."

"अडाणी जनावर आहे."

"असू दे."

झाडूने अंगणात जाऊन लालीला उठवलं. कुंताबाई जवळ आली, कपाळाला कुंकू लावलं, ओंजळभर तांदूळ पुढे धरले. लालीने ते चाटून खाल्ले. कुंताबाईने पाठीवर हात ठेवला तेव्हा माशी बसावी तशी तिची कातडी थरथरली.

जाड दाव्याचं काम पडलं नाही. झाडू पुढे आणि लाली मागे, अशी ती निघाली. वळणावरच्या झुडपाचा एक शेंडा तिने जाता जाता तोडला. मान वळवली ती तेवढ्यासाठीच.

विनोदची रातपाळी होती. चहा पिऊन तो उठला, विहिरीवरून पाणी आणून त्याने कूलरची टाकी काठोकाठ भरली. "पावसाचं पाणी पडलं का येतो," म्हणाला. मोटरसायकलचा आवाज तळ्याच्या पाळीपर्यंत ऐकू आला, मग विरला.

कुंताबाईने लालीच्या जागेवरचं शेण उचललं, जागा झाडली. लालीच्या खुट्याला गुंडाळलेली दोरी तशीच राहू दिली. तिने बादली भरली आणि कोठ्याच्या दाराशी ठेवली.

एवढ्यात लाइन गेली. कूलरचं पातं दोनचार फेरे घेऊन थांबलं आणि सगळीकडे सामसूम झाली. जर्सीने मान वर करून हाक मारली.

बादली भरलेलीच होती. तरी कुंताबाई कुडाआड उभी राहिली, जर्सीने आणखी एकदा हाक मारेपर्यंत.