पाव पौंड चहाची चिठ्ठी

आईनं तिसऱ्यांदा चहा मागितला आणि जेबेझ थ्रॉलच्या हातून पिंपाची लोखंडी कडी निसटून पायावर पडली.

"ऐकलंस ना रे?" आतून पुन्हा आवाज आला.

ऐकलं होतं. सकाळपासून तो ऐकतच होता. त्याचं पिंपांचं दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच दार. मेहिटेबल थ्रॉल ऐंशीची झाली होती, अंथरुणाला खिळली होती, पण आवाज अजून ठणठणीत होता.

चहा आता साधी गोष्ट राहिली नव्हती. तीन हजार मैलांवरच्या इंग्लंडच्या राजाच्या पार्लमेंटनं आपल्याला न विचारता त्यावर कर बसवला, म्हणून अमेरिकेतल्या सगळ्या वसाहतींनी मिळून एक मार्चपासून चहाच सोडला होता. देखरेखीला गावोगाव समित्या नेमल्या होत्या. कनेक्टिकटमधल्या या गावच्या समितीचा प्रमुख जेबेझ, धंद्यानं पिंपं बनवणारा. नियमात एकच फट होती. माणूस फार म्हातारा किंवा आजारी असेल, तर प्रमुखानं चिठ्ठी लिहून द्यावी आणि ती दाखवून वाण्याकडचा शिल्लक चहा घ्यावा. झालं, मार्च उजाडला आणि अर्धं गाव आजारी पडलं. धडधाकट सुतार कण्हत येऊ लागले. विधवा गेलॉर्डबाईंना तर एका आठवड्यात तीन रोग झाले. जेबेझनं कुणालाच दाद दिली नाही. आजवर एकही चिठ्ठी आपण लिहिली नाही, हे तो कुणी न विचारताही सांगत असे.

एकही नाही म्हणजे सख्ख्या भावालासुद्धा नाही. धाकट्या असाहेलची बायको लोइस तापानं फणफणली होती. पोटात दुसरं काही ठरत नव्हतं, चहाचे दोन घोट तेवढे राहायचे. असाहेल चिठ्ठी मागायला आला, तेव्हा जेबेझ म्हणाला, "घरच्यांपासून सुरुवात केली तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल." असाहेलनं मग एका फेरीवाल्याकडून चोरून चहा घेतला. समितीला कळलं. नियमाप्रमाणे त्याचं नाव देशाचा वैरी म्हणून चर्चच्या दारावर लागलं, खाली सही जेबेझची. पुढं नियमाप्रमाणेच कुणी त्याच्याशी बोलेना, लोहार त्याच्या घोड्याला नाल मारेना. महिनाअखेर लोइस गेली. पंधरा दिवसांनी असाहेल बोस्टनला जाऊन राजाच्या फौजेला मिळाला. गावात राजाच्या नावानं सगळ्यांत आधी बोटं मोडली होती ती असाहेलनंच. तेव्हापासून या घरात त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

आता मे लागला होता. लेक्सिंग्टनला राजाच्या फौजेशी गोळ्या सुटल्या होत्या, बोस्टनमध्ये त्या फौजेला वसाहतींच्या लोकांनी वेढा घातला होता आणि उद्या सकाळी गावातले तीस जण जेबेझच्या हाताखाली तिकडं लढायला निघणार होते.

त्यानं रासबेरीच्या पानांचा काढा करून आईपुढं धरला. तिनं वास घेतला आणि वाटी बाजूला सारली.

"हा शेळीला दे. मला चहा हवा."

"आई, सगळा देश हेच पितोय."

"देशाला पिऊ दे. तू चिठ्ठी लिही. मी म्हातारी आहे, आजारी आहे. दोन्ही खरं आहे, गेलॉर्डबाईसारखं नाही."

तो दुकानात आला. एक फळी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. चिठ्ठी दिली तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार. काल ज्यांना नकार दिला त्यांचेच नवरे आणि मुलगे उद्या त्याच्या हुकुमावर चालायचे होते. चिठ्ठी नाही दिली, तर परत येईपर्यंत आई असेल का? तो परत आत गेला, दारातूनच फिरला. बाहेरून जाणाऱ्या गेलॉर्डबाईंनी खिडकीतून डोकावून विचारलं, "काय हो थ्रॉलसाहेब, आज तुम्हालाच बरं नाही वाटतं? चिठ्ठी हवी का?" त्याला हसू आलं नाही.

दुपारी त्यानं दौत काढली. एवढ्या लोकांना ताठ मानेनं नाही म्हटलं आणि शेवटी आईपुढं वाकलो, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, वाकल्यावर बरंही वाटलं. कागद घेऊन तो तिच्या उशाशी बसला.

"लिहिली. आता शांत पड. मी वाण्याकडून चहा घेऊन येतो."

"वाच आधी."

त्यानं वाचलं. "मेहिटेबल थ्रॉल यांचं वय आणि आजार लक्षात घेता त्यांना पाव पौंड चहा विकत घेण्यास परवानगी आहे. सही, जेबेझ थ्रॉल, समितीप्रमुख."

"एवढंच लिहायचं असतं?"

"एवढंच."

तिनं कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माझं नाव खोड. लोइसचं घाल."

जेबेझला वाटलं, ताप डोक्यात गेला. तो तिच्या कपाळाला हात लावायला वाकला. कपाळ थंडगार होतं.

"आई, लोइस गेली. मार्चमध्येच गेली."

"ते तू मला सांगतोस? तारीखही मार्चचीच घाल," मेहिटेबल म्हणाली. "आणि तिकडं धाकटा समोर दिसला, की बंदूक उचलायच्या आधी ही त्याच्या हातात दे."